पाहिलं, ऐकलं, अंदाज

भाद्रपदातला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: मंडळाच्या वाचनालयाची मागची खोली. हजर: अध्यक्ष, लताताई, बँकेतून निवृत्त झालेले दोन सभासद, सेक्रेटरी म्हणून मी, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत भाऊ. गैरहजर: पाच. कारण: पितृपक्षाची जेवणं.

हजेरी माझ्या वहीत आहे म्हणून इतकी नेमकी सांगता येते. वहीत नाही ते असं. लताताईंनी टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. भाऊंनी ते जवळ ओढलं, उघडण्याआधी मुखपृष्ठावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि विचारलं, "लताबाई, हे पाहलेलं हाय, का ऐकलेलं?"

"छापलेलं हाय, भाऊ," लताताई म्हणाल्या.

"छापलेलं तं दिसूनच राहिलं."

छत्तीसगढातल्या आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना भाऊ म्हणत. कारखान्यातून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला, कोहक्याला राहणारा, पांढऱ्या बुशशर्टाच्या खिशात पेन्सिल आणि छोटं भिंग ठेवणारा उंच माणूस. तुमच्याही मंडळात असा एक असेल. कुणी काही सांगायला लागलं की सगळे माना डोलावतात आणि हा एक प्रश्न विचारून मजा घालवतो. फरक एवढाच, की आमचे भाऊ प्रश्न विचारून थांबत नसत. उठून पाहायला जात.

एकदा जवळच्या कुरुद गावाकडे बिबट्या आल्याची बातमी दोन दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होती. फोटोही होता. संध्याकाळचं फिरणं बंद झालं, आमची रविवारची बैठकही मी पुढे ढकलली. भाऊ सायकल काढून कुरुदला गेले, तासाभरानं परत आले आणि माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: "कुत्रं. पाहिलं. मालकानं नाव शेरू सांगितलं, ते ऐकलं."

त्यांचं सगळं असं तीन खणांत चाले. पाहिलं, ऐकलं, अंदाज. ही पद्धत त्यांनी कुठून उचलली ते मी विचारलं होतं. कारखान्यात लागण्याआधी ते एका छोट्या खाजगी रोलिंग मिलमध्ये होते. तिथं दर तासाला एका प्रेशर गेजचा आकडा वहीत लिहायचा. भाऊ नवे होते. वरच्या ओळीत जो आकडा असेल तोच खाली लिहीत, काट्याकडे नजर टाकत, जुळतो म्हणून समाधान मानत. तीन दिवसांनी तिथले छत्तीसगढी मिस्त्री आले, त्यांनी गेजच्या काचेवर बोटानं ठोकलं आणि काटा सरसर खाली आला. तो अडकून बसला होता. तीन दिवस, तिन्ही पाळ्यांची माणसं एकच आकडा लिहीत होती आणि खाली सही करत होती.

"काई झालं नाही," भाऊ सांगत. "पन होऊ शकलं असतं. मिस्त्री रागावले नाही. एवढंच बोलले, काँटा ला झन पतिया, पहिली ठोक के देख." काट्यावर भरवसा ठेवू नको, आधी ठोकून बघ. "त्या दिवशी मले समजलं का मी पाहत नव्हतो, नुसता उतरवत होतो."

तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट ठोकत. टरबूज, भिंत, वर्तमानपत्र, माझा वार्षिक अहवालसुद्धा. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणत, "भाजी कशी झाली विचारलं तं म्हनते, अजून पूर्न पाहली नाही."

आता पुस्तकाकडे येते. ते वाचनालयाला कुणीतरी भेट दिलेल्या खोक्यातून आलं होतं. त्यात लिहिलं होतं की सगळं जग तेरा माणसं गुपचूप चालवतात. मीठ, दूध, मोबाईलचे टॉवर, शाळेतला इतिहास, सगळ्यामागे तीच तेरा. नवव्या प्रकरणात असं की शुगर नावाचा आजारच नाही. तो औषधकंपन्यांनी तयार केला, गोळ्या खपवायला.

लताताईंनी त्या रविवारी हे प्रकरण आम्हाला वाचून दाखवलं. वाचन छान केलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मीनं तं तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद केल्या. पुस्तकातला काढा घेऊन राहिली. एकदम हलकं वाटते."

मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. उजव्या पायाच्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती. मागच्या रविवारीही तीच होती. चप्पल लागली, म्हणाल्या होत्या. चप्पल लागलेलं एवढे दिवस राहत नाही.

लताताई एकट्या राहत. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा रायपूरला. साठीच्या, हुशार, आमच्या मंडळात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्या. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. न वाचणाऱ्या बाईला पुस्तकाचं खोटेपण सांगता येतं. हिला काय सांगणार?

भाऊंनी पुस्तक काखेत मारलं. "मले द्या तीन दिवस. वाचून पाहतो."

"वाचा," लताताई म्हणाल्या. "पन हसायसाठी नका वाचू."

"नाही हसनार."

तीन दिवसांनी, बुधवारी, मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. वाचनालयाचा नियम क्रमांक सहा, पुस्तकात लिहू नये. तो मीच केलेला. भाऊंनी तो पाळला होता. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या पट्ट्या कापून त्यावर टिपणं लिहून पानापानात खोचली होती. मी उभ्याउभ्या चाळल्या. "एका मोठ्या शास्त्रज्ञाने कबूल केले" या वाक्यापाशी चिठ्ठी: "नाव? गाव? कोणासमोर?" "हे सर्वांना माहीत आहे" यापाशी: "मला नव्हतं." तेरा माणसांच्या प्रकरणात: "आपण अकराजण. तीन बैठका झाल्या, गणपतीच्या मांडवाचा रंग ठरला नाही."

मी हसले. त्यांनी पान उलटून दाखवलं. "हे बी वाचा."

पाकीटबंद खाऊवर आतला मालमसाला मुद्दाम बारीक अक्षरात छापतात, असं पुस्तक म्हणत होतं. चिठ्ठी होती: "पाहिलं. तीन पाकिटं, भिंगातून. अक्षर खरंच वाचवत नाही. मुद्दाम, हा अंदाज." अशा खऱ्या निघालेल्या गोष्टीही त्यांनी प्रामाणिकपणे टिपल्या होत्या. लेखकावर राग नव्हता. बंद पडलेलं यंत्र उघडून कुठला भाग चालू आहे हे पाहावं, तसं वाचलं होतं.

"शुगरचं?" मी विचारलं.

"त्या पूर्ण प्रकरनात पाहलं असं एकबी नाही. सगळं ऐकलं."

"मग झालं. रविवारच्या विषयपत्रिकेत घेते. तुम्ही चिठ्ठ्या वाचून दाखवा, सगळ्यांसमोर. मग ताईंना पटेल."

"सगळ्यांसमोर तं नाहीच पटनार, सेक्रेटरी. सगळ्यांसमोर कोनाले पटते?"

मी विषयपत्रिकेतला मुद्दा खोडला आणि आम्ही तसेच लताताईंकडे गेलो. शुगर मोजायचं मशीन मी सोबत घेतलं होतं. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम आहे.

"मशीन कोन बनवते?" लताताईंनी विचारलं. "गोळ्यावालेच ना? नववं प्रकरन, शेवटचं पान."

"बरं, लॅबमध्ये जाऊ."

"लॅबले मशीन कोन देते?"

"तुमचे डॉक्टर तर पंधरा वर्षांपासूनचे आहेत, ताई."

"त्याईले कोन शिकवलं?"

मी भाऊंकडे पाहिलं. ते मान डोलवत होते. "बरोबर बोलून राहिल्या," म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला.

"मशीन बाजूले ठेवा, सेक्रेटरी," ते म्हणाले. "लताबाई, ज्याच्यात कंपनीचा हात नाही तेवढंच पाहू. तुमच्या बाथरूमात मुंग्या येतात काय?"

"मुंग्या?"

"हाव. त्याईची कंपनी कोनती हाय?"

लताताई हसल्या. "तुमीबी ना, भाऊ." मग हसू थांबलं. "मीनं कधी पाहलं नाही."

"तं पाहा. काय दिसन ते मी नाही सांगनार. मी सांगतलं तं ते ऐकलेलं होईन."

त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. घरूनच रेघा मारून आणली होती. तीन रकाने. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. मुंग्या, अंगठा, किती वेळा तहान लागली, रात्रीत किती वेळा उठावं लागलं. वेळ टाकायची आणि खाली सही करायची. अंगठ्याचा रंग बदलला, ताप आला किंवा चक्कर आली, तर वही ठेवून सरळ दवाखाना. लताताईंनी हे मान्य केलं, पण स्वतःची एक अट घातली: या दोन दिवसांत कुणी त्यांना समजावायला यायचं नाही.

लघवीतून साखर जायला लागली की मुंग्या येतात, हे मला उमगलं होतं; तरी बाहेर आल्यावर मी बोललेच. "दोन दिवस कशाला? आजच ऑटोत बसवून नेऊ ना."

"नेऊ. डॉक्टरच्या समोर गोळी घेतीन. घरी येऊन कुंडीत टाकतीन. तवा काय करसान?"

 थोडं चालून गेल्यावर ते थांबले. "माहा अंदाज चुकला, अन त्या पायाले काई झालं, तं गुन्हेगार मीच. लिहून ठेवा तुमच्या वहीत."

मी लिहिलं. ते पान अजून आहे.

गुरुवारी सकाळी दूध आणायला निघाले तर लताताईंच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर भाऊ बसलेले. समोर पेपर, पण डोळे गल्लीत.

"काय पाहून राहिले, भाऊ?"

"दरवाजा उघडला. सात वाजून दहा मिनिटं," ते म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. घोट रिकाम्या ग्लासातला होता.

शुक्रवारीही ते तिथंच होते; मीही शेजारी बसले. त्या दिवशी मात्र सात दहाला दार उघडलं नाही. साडेसातला नाही. भाऊ उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. दिलेला शब्द आणि ते बंद दार, दोन्हींकडे बघत होते. पावणेआठला लताताई स्वतःच बाहेर आल्या. साडी बदललेली, हातात वही. आम्हाला दोघांना टपरीवर पाहून त्यांना नवल वाटलं नाही. वही त्यांनी भाऊंच्या हातात दिली आणि बाकावर बसल्या.

मी खांद्यावरून वाचलं. गुरुवार सकाळ, पाहिलं: "मोरीत मुंग्या. काळ्या. रांग नळाकडून नाही, दाराखालून येते." गुरुवार संध्याकाळ: "फिनेलनं धुतलं होतं. परत आल्या." शुक्रवार सकाळ: "आहेत. अंगठ्याला वास." प्रत्येक नोंदीखाली वेळ आणि सही.

त्याखाली आणखी एक नोंद होती, आम्ही न सांगितलेली. "हे गोळ्यांनीच गेले." हे म्हणजे त्यांचे यजमान. ते वाक्य आधी "पाहिलं"च्या रकान्यात लिहिलं होतं. मग त्यावर रेघ मारून "अंदाज"मध्ये पुन्हा लिहिलं होतं. तिथंही त्याखाली सही होती.



"त्याईच्या वेळेसबी होत्या मुंग्या," लताताई म्हणाल्या. "मी रोज धुवत होती. मले वाटे, साबन कमी पडून राहिला. गोळ्या तं मीच द्याची हातानं. दहा वर्सं दिल्या. तरी गेलेच ना. मंग पुस्तकात वाचलं का गोळ्याच खराब, तं मले बरं वाटलं, भाऊ. म्हंजे कोनीतरी केलं असं. नुसतंच नाही झालं."

भाऊंनी वही मिटली. इतर कुणी असतं तर त्या क्षणी एखादं शहाणपणाचं वाक्य बोललं असतं. माझ्याही जिभेवर दोन होती. ते म्हणाले, "चहा घेता? बिनसाखरेचा?"

"घेऊ," लताताई म्हणाल्या. "मंग चाला, कुठं न्याचं ते न्या."

ऑटोतून आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, नाक मुरडलं, आणि लताताईंना एकच प्रश्न विचारला: इतके दिवस काय करत होता? भाऊ पटकन म्हणाले, "लिहून राहिल्या होत्या. पूर्न नोंद हाय." आणि वही पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली. मुंग्यांपर्यंत आले आणि चष्म्यावरून लताताईंकडे बघितलं. रागवायचं विसरून गेले. अंगठा वाचला. महिना-दीड महिना रोज पट्टी बदलावी लागली, गोळ्यांसोबत काही दिवस इंजेक्शनंही घ्यावी लागली, पण वाचला.

पुढच्या रविवारच्या बैठकीला मात्र पुष्कळ गर्दी झाली. बातमी पसरली होती, आणि भाऊ त्या पुस्तकाची सालटी काढणार म्हणून लोक आले होते. अध्यक्षांनी तर ठरावही तयार केला होता: असली पुस्तकं वाचनालयातून काढून टाकावीत. लताताई मागच्या रांगेत, पाय स्टुलावर ठेवून, मान खाली.

भाऊ उठले. "मी हे पुस्तक पूर्न वाचलं. चांगलं लिहिलं हाय. झोप नाही येत वाचताना." लोक हसले. "लिहिनाऱ्यानं पाहलं कमी, ऐकलं जास्त. पन ते तं आपनबी करतो. मीनं स्वतः तीन दिवस न पाहता आकडे लिहिले होते." आणि त्यांनी त्या अडकलेल्या काट्याची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर. लताताईंचं नाव घेतलं नाही, नवव्या प्रकरणाचंही नाही. शेवटी अध्यक्षांना म्हणाले, "फेकू नका जी. चिठ्ठ्यांसकट ठेवा. ज्याले वाचाचं त्यानं चिठ्ठ्याबी वाचाव्या, अन माह्या चिठ्ठ्या चुकल्या असन तं त्यावर आपली लावावी."

ठराव मागे घेतला गेला. लोक थोडे निराश होऊन चहाकडे वळले. मी मागे पाहिलं, तर लताताईंची मान वर होती आणि त्या शेजारच्या बाईंकडे भिंग मागत होत्या, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायला.

भाऊ माघात गेले. आजारी नव्हते. सकाळी सायकल पुसून ठेवली, आत येऊन बसले आणि वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा नव्हते. मंडळाच्या शोकसभेत बोलायची यादी माझ्याकडे होती, अकरा नावं. बहुतेकांनी ते किती चिकित्सक होते ते सांगितलं. लताताई सर्वांत शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "माहा दरवाजा किती वाजता उघडते, हे त्याईनं दोन दिवस पाहलं." आणि खाली बसल्या. बऱ्याच जणांना काही कळलं नाही.

त्यानंतर लताताईंनी ते पुस्तक पुन्हा घरी नेलं. आता चिठ्ठ्या वाचायला. आठ दिवसांनी वाचनालयात आल्या, शेवटचं प्रकरण उघडून माझ्यासमोर धरलं. तिथं लेखकानं लिहिलं होतं की चांदण्यात ठेवलेली वस्तू सावलीतल्या वस्तूपेक्षा जास्त थंड होते, आणि हे सत्य आपल्यापासून लपवलं गेलं आहे. सगळ्या पुस्तकात तेवढी एकच चिठ्ठी भाऊंनी पूर्ण केलेली नव्हती. तीन रकाने आखलेले. तिन्ही कोरे. वर लिहिलं होतं: "पाहायचं आहे. दोन सारखे थर्मामीटर. पौर्णिमा. एक चांदण्यात, एक आडोशाला. एका पौर्णिमेवर ठरवू नये."

"यात काय पाहायचं, ताई?" मी म्हणाले. "शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. उघड्या आभाळाखाली सगळंच लवकर निवतं. चांदण्याचा काही संबंध नाही. मी लिहून टाकते."

"कोनत्या रकान्यात लिहिता?"

मी पेन उघडलं होतं. ते मिटलं.

थर्मामीटर आणले, दोन, एकाच दुकानातून. भांडंभर पाण्यात एकत्र ठेवून दोन्ही सारखे आहेत का ते लताताईंनी आधी तपासलं. फाल्गुनातल्या पौर्णिमेला मंडळाच्या गच्चीवर होळीची माणसं होती. चैत्रातल्या पौर्णिमेला दुपारपासून धूळ उडाली आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं. आम्ही दोघी गच्चीच्या जिन्यात थोडा वेळ उभ्या राहिलो. त्यांनी वर पाहिलं, वेळ लिहिली, "ढग. दिसला नाही" असं नोंदवून सही केली आणि उद्याच्या गोळ्या डब्यात भरायच्या आहेत म्हणून घरी गेल्या.

माझ्या चालू यादीत सध्या नऊ कामं आहेत. आठांवर बरोबरची खूण झाली. नववं: वैशाखी पौर्णिमा, गच्चीची किल्ली आदल्या दिवशी घेणे, लताताईंना न्यायला जाणे. ते बाकी आहे.